अज्ञात उडत्या वस्तू : उल्का व अन्य सामान्य कारणे

आकाशात दिसलेल्या, पण पाहणाऱ्यास न ओळखता आलेल्या वस्तू. त्यांचे रूढ नाव ‘उडत्या तबकड्या’ हे केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने २४ जून १९४७ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पाहिलेल्या नऊ चकाकत्या वस्तूंच्या बातम्यांतून पुढे आले. तबकडीची उपमा आपण आकाराला नव्हे, तर गतीला दिली होती, असे त्याने नंतर सांगितले. त्या वस्तूंविषयी एकमत नाही. खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मेन्झेल यांनी मृगजळासारखे वातावरणीय आविष्कार सुचविले, पत्रकार फिलिप क्लास यांनी उल्का, तर अन्य काहींनी पेलिकन पक्ष्यांचा थवा. माउंट रेनिअर ते माउंट ॲडम्स हे सुमारे ७५ किमी. अंतर त्या वस्तूंनी १ मिनिट ४२ सेकंदांत कापल्याची नोंद आर्नल्डने घड्याळ पाहून केली होती. उल्का सेकंदाला किमान ११ किमी. वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांतच विझते, त्यामुळे उल्कांचा पक्ष येथे दुबळा ठरतो. वस्तू पर्वतांहून पुष्कळ जवळ असल्यास मात्र वेग पक्ष्यांच्या आवाक्यात येतो. ही शक्यता अधिक विचारार्ह आहे, जरी वस्तू एका शिखराआड गेल्याचे आर्नल्डचे कथन तिच्याशी जुळत नाही.

प्रत्यक्ष जळत्या वस्तूही फसवितात. ३ मार्च १९६८ रोजी रात्री सोव्हिएट झोंड-४ यानाशी संबंधित अवशेष अमेरिकेवरून जळत गेले, तेव्हा काही साक्षीदारांनी उजळलेल्या खिडक्या असलेले लांबट यान पाहिल्याचे कळविले. सुटे प्रकाशबिंदू एका काळ्या आकृतीला जोडलेले आहेत असे मन गृहीत धरते, हे या प्रसंगातून विशेष स्पष्ट झाले. कोलोरॅडो विद्यापीठाच्या १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याची चिकित्सा आहे.

क्षितिजालगतचा शुक्र, बलून, विमानांचे दिवे व कृत्रिम उपग्रह हीही नेहमीची कारणे होत.

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढी पाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून जळत्या रेषा दिसल्या व अनेकांना तो उल्कापात वाटला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे सापडले. ते चिनी प्रक्षेपकाच्या (रॉकेटच्या) टप्प्याचे असावे, असे तज्ज्ञांचे मत आहे.

अमेरिकी हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यांपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या. अनेक नोंदींत दिशा, उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनीय उंची) किंवा कालावधी यांची माहिती अपुरी असते, त्यामुळे उत्तर न सापडणे हा परग्रहीय उगमाचा पुरावा मानता येत नाही.