उणे अणू कुठून येतात?

हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीवर असलेल्याला मृग नक्षत्र शोधावं लागत नाही. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला जो धूसर ठिपका दिसतो, तो तेजोमेघ, म्हणजे चमकणाऱ्या वायूचा ढग. वायूचं तापमान सुमारे 10,000 केल्विन. त्याचा प्रकाश संगणकावर मांडायचा, तर आधी शिरगणती लागते: कोणत्या ऊर्जापातळीवर (अणूच्या ऊर्जेच्या ठरावीक पायरीवर) किती अणू?

स्थिर अवस्थेत प्रत्येक पातळीवर जितके अणू येतात, तितकेच जातात. दहा पातळ्या, दहा समीकरणं. पण सगळ्यांची बेरीज शून्य, म्हणजे त्यातलं एक फुकटचं. ते काढून तिथे ‘सर्व पातळ्यांवरच्या अणूंचे वाटे मिळून 1’ असं लिहितात.

गोम आकड्यांच्या आवाक्यात आहे. फक्त कणांच्या टकरींचाच समतोल धरला तर हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीवर 10,000 केल्विनला लाखात तीनेक अणू. 1000 केल्विनला हा वाटा सुमारे 10 चा उणे 51 वा घात. 100 केल्विनला उणे 514 च्या आसपास. संगणकाची नेहमीची संख्या उणे 308 च्या थोडं पुढे गेली की शून्यच होते. त्या शून्याने कुठे भागलं, की गणित कोसळलं.

शिवाय संख्येचे 15-16 अंकच टिकतात. जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाचा ट्रक एकदा मूठभर सरकीसह आणि एकदा तिच्याविना मोजा. वजाबाकीत सरकी उणे दहा किलोही निघेल. समीकरणं सोडवताना अशाच वजाबाक्या होतात; उणे अणू असेच येतात. एकूण 1 च्या तुलनेत एखादा वाटा ऋण, पण 10 च्या उणे 18 व्या घाताइतकाच आला, तर शून्य करून पुढे जावं. उणे 0.01 आला तर थांबावं. तोही गुपचूप पुसणारा प्रोग्राम धोकादायक.

‘संख्याच नाही’ (NaN; शून्याला शून्याने भागलं की संगणक हेच देतो) असं उत्तर त्याहून लबाड. त्याची कशाशीही लहान-मोठी तुलना खोटीच ठरते. म्हणून ‘ऋण आहे का?’ या तपासणीतून ते सुटतं. ‘शून्य किंवा जास्त आहे का? नसेल तर थांब’ असं उलटं विचारावं.

बेरीज 1 आली म्हणून हुरळू नये, ती आपणच लादलेली. काढून टाकलेल्या समीकरणात उत्तर घालून येणारे-जाणारे जुळतात का ते पाहावं. वजाबाकीच टाळायची असेल, तर 1985 ची ग्रासमन-टाकसार-हेमन पद्धत आहे: समीकरणांतल्या सहगुणकांच्या चौकटीत कर्णावरचा आकडा दरवेळी त्या पातळीवरून बाहेर जाण्याच्या दरांच्या बेरजेतून नव्याने काढायचा.

शेवटी बाहेरचा प्रकाश बंद करून घनता मुद्दाम प्रचंड वाढवावी; उत्तर बोल्ट्झमनच्या सूत्राशी (समतोलात तापमानावरून प्रत्येक पातळीचा वाटा सांगणाऱ्या) जुळलंच पाहिजे. दरांमध्ये कुणी पातळ्यांचा सांख्यिकी भार (एका पातळीत किती वेगवेगळ्या अवस्था मावतात तो आकडा) विसरला असेल, तर सगळे आकडे धन येतात, बेरीज 1 येते, आणि हायड्रोजनची दुसरी पातळी तरीही चौपटीने चुकते.