पार्श्वभूमी : फॅनफिक, वंश आणि ‘काढून टाका’चा वाद

हॅरी पॉटरमधल्या पाटील जुळ्या बहिणींचं आडनाव पुण्यातल्या वाचकाला लगेच ओळखीचं वाटतं. मूळ पुस्तकांत त्यांच्या घराबद्दल जवळपास काहीच नाही. ती मोकळी जागा फॅनफिकवाले, म्हणजे आवडत्या पुस्तकातली पात्रं घेऊन स्वतःच्या कथा लिहिणारे चाहते, आपापल्या परीने भरतात. कुठे या मुली घरी हिंदी बोलतात, कुठे आईवडील परस्पर लग्न ठरवून मोकळे होतात. ‘कुठले पाटील?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न मात्र त्यांना क्वचितच कुणी विचारतो.

हा प्रश्न मोठ्या आवाजात निघाला तो २००९च्या जानेवारीत. गोऱ्या लेखकांनी इतरांबद्दल कसं लिहावं, यावर विज्ञानकथा-फँटसीच्या वर्तुळात महिनोन्‌महिने भांडण चाललं. पुढच्याच वर्षी भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या हैतीत दोन गोऱ्या अभिनेत्यांची प्रेमकथा घडवणारं फॅनफिक आलं. तिथली माणसं नुसती नेपथ्याला, अशी टीका झाली आणि लेखिकेने माफी मागितली. २०१५च्या अखेरीस लंडनच्या रंगभूमीवर हर्मायनीसाठी कृष्णवर्णीय अभिनेत्री निवडली गेली. चाहते तिला त्याआधीपासूनच तशी रेखाटत होते.

खरा तिढा आहे तो वाचकांनीच चालवलेल्या, २००९च्या नोव्हेंबरात खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या ऑनलाइन संग्रहाच्या एका निर्णयाचा. कायद्यात बसणारी कथा, ती कितीही ओंगळ असो, काढायची नाही. कथेआधी वाचकाला द्यायचे सक्तीचे इशारे चारच: तीव्र हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. तेही नको असतील तर ‘इशारा देत नाही’ म्हणण्याची मुभा. या चारांत वंशद्वेष नाही. २०२०च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या वंशद्वेषाविरुद्धच्या आंदोलनांच्या काळात, संग्रहाच्या संचालकांनी छळाविरुद्धच्या सोयी वाढवण्याचं आणि धोरण तपासण्याचं आश्वासन दिलं. ब्लॉक-म्यूटच्या सोयी पुढे आल्याही. पण धोरणाचं घोडं अडलेलंच दिसलं, तेव्हा २०२३च्या मे महिन्यात अनेकांनी निषेध म्हणून आपली वापरनावंच बदलली. या निषेध करणाऱ्यांना सगळ्या कथा पुसायच्या आहेत असं चित्र तेव्हा बरंच रंगवलं गेलं. ते अन्यायाचं होतं. त्यांचा मुख्य मुद्दा गोरे नसलेल्या लेखक-वाचकांच्या छळाचा होता.

तरी ‘काहीही काढायचं नाही’ हे वाक्य पुण्यात वेगळं ऐकू येतं. २००४च्या जानेवारीत इथल्या विधी महाविद्यालय रस्त्यावरची जुनी संशोधन संस्था एका पुस्तकावरून फोडली गेली. त्यानंतर ‘भावना दुखावल्या’ हे शब्द आले की इथला लिहिणारा दचकतो, आणि त्याच धास्तीने वंशद्वेषाच्या तक्रारीकडेही संशयाने पाहतो. या दोन गोष्टींची गल्लत सोयीची आहे. एकीकडे जमाव दाराशी येतो. दुसरीकडे वाचक आधी इशारा मागतो आणि शिवीगाळ थांबवा म्हणतो.

आपल्याकडच्या कथांत वंशाची जागा जात घेते. या संग्रहावर तिच्यासाठीही सक्तीचा इशारा नाही. टॅग लावायचा की नाही, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.