आपल्या गेममधली विद्यापीठं आपल्या नावावर कशी करायची: कॉपीराइटचा अर्ज, पात्रता अन् कागदपत्रं

आम्ही चौघं मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात दोन वर्षांपासून एक रोल प्लेइंग गेम लिहून राहिलो, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं अन् फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढं न्यायची असा खेळ. रात्री जेवणं झाली का ओसरीवर बसायचं, फासे, वही अन् मोबाईलचा टॉर्च. काळ २३९० चा, जागा आपलाच विदर्भ, बोअर आटलेले, अन् राज्य चालवते कोण तर विद्यापीठं. प्रत्येक विद्यापीठ हे एक पंथपण हाय. कुलगुरू तोच महंत. प्रवेश घेताना फी नाही, वचन द्यावं लागते, अन् ते मोडलं तर शिकलेली विद्या डोक्यातून निघून जाते. एक विद्यापीठ फिरतं आहे, ज्या गावात मुक्काम ते गाव दिवसा झाडून काढायचं अन् रात्री त्याच गावाला शिकवायचं, तेव्हा डिग्री. दुसऱ्यात सगळे ग्रंथ गुप्त लिपीत, लिपी उलगडली का पुढचं दार उघडते.

हे काही हवेतून आलं नाही. आपल्याकडच्या दोन मोठ्या विद्यापीठांची नावंच पहा ना, नागपूरचं १९२३ चं, त्याला तुकडोजी महाराजांचं नाव, अन् अमरावतीचं १९८३ चं, त्याला गाडगेबाबांचं. शाळेत फारसं न शिकलेल्या माणसाच्या नावानं विद्यापीठ, ह्याच्याहून मोठी गोष्ट मी कोणत्या फँटसीत वाचली नाही. गुप्त लिपीपण खरीच, महानुभावांची सकळ लिपी. अन् ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी लोकांच्या तोंडून गोळा करून लिहून काढल्या, तेच लीळाचरित्र, तिथंच आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय, आमच्याच तालुक्यात.

आता मुद्द्याचं. बरेच जण विचारून राहिले का असा गेम "रजिस्टर" कसा करायचा. आम्ही केला, म्हणून सगळं सांगतो.

पहिले हे समजून घ्या का कल्पनेवर कॉपीराइट नसते. "विद्यापीठ म्हणजेच पंथ" ही आयडिया उद्या कोणीपण वापरू शकते, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच स्पष्ट केलंय का कल्पना, विषय, कथासूत्र ह्यावर हक्क नाही, ते तुम्ही ज्या शब्दांत अन् ज्या मांडणीत उतरवलं त्यावर आहे. फासे कसे टाकायचे, किती आले का जिंकलं, हे नियम म्हणून कोणाचेच नाहीत, अन् पेटंट म्हणाल तर पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये खेळ खेळण्याची पद्धत सरळ वगळली आहे. म्हणून ओसरीवर तोंडी सांगितलेला सेटिंग, म्हणजे गेमची दुनिया, कितीही भारी असला तरी अर्जाला लावायला तुमच्याजवळ काहीच नाही. लिहा. फिरत्या विद्यापीठाची दिनचर्या लिहा, प्रवेशाचं वचन शब्दशः लिहा, पंथात फूट कशी पडली ते लिहा. आमचं तोंडी दोन तासांचं होतं, लिहायला बसलो तर १४० पानं झाली, अन् तेव्हा कुठं तो गेम आमचा वाटायला लागला.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होते, १९५७ च्या कायद्यानं, अन् लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहते. मग काऊन करायचं? कारण कलम ४८ प्रमाणे रजिस्टरमधली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. शहरातल्या कोण्या ॲपवाल्यानं तुमचा मजकूर जसाच्या तसा उचलला तर गावातल्या पोट्ट्याजवळ दाखवायला एक कागद पाहिजे का नाही?

पात्रता सोपी आहे. काम मूळ तुमचं पाहिजे, अन् अप्रकाशित असलं तर लिहिताना लेखक भारताचा नागरिक किंवा रहिवासी पाहिजे. शिक्षणाची अट नाही, कंपनी लागत नाही, वकील लागत नाही, काम मराठीत असलं तरी चालते, फॉर्ममध्ये भाषेचा रकानाच आहे. चौघांनी मिळून लिहिलं असेल तर चौघंही लेखक, चारही नावं टाका. मैत्रीत "तू तुझंच टाक ना बे" म्हणतात, असं करू नका.

कागदपत्रं अशी लागतात:
- पूर्ण कामाची पीडीएफ, पानं नंबर टाकलेली
- सहीचा स्कॅन फोटो
- अर्जदार अन् लेखक वेगळे असले तर लेखकाची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, सहीसकट
- आधीच छापलं असलं अन् प्रकाशक दुसरा असला तर त्याचीपण एनओसी
- कोणाचा फोटो वापरला असला तर त्या माणसाची एनओसी
- वकिलामार्फत करत असाल तरच वकीलपत्र

इथंच आमचं अडकलं होतं. नकाशे काढले आमच्या एका मित्राच्या बहिणीनं, आम्ही ते नियमांच्या पुस्तकातच घालून एकच अर्ज टाकला, अन् तिची एनओसी जोडलीच नाही. कॉपीराइट ऑफिसकडून त्रुटीचं पत्र आलं. लिहिलेला मजकूर हे साहित्यिक काम अन् नकाशे, चित्रं हे कलाकृती, दोन्हीचे अर्ज वेगळे अन् फीपण वेगळी. साहित्यिक कामाला ५०० रुपये, कलाकृतीला ५००, पण तेच चित्र डब्यावर, विकायच्या मालावर वापरणार असाल तर २००० रुपये, अन् त्याला ट्रेडमार्क ऑफिसचं सर्च सर्टिफिकेटपण जोडावं लागते.

अर्ज ऑनलाइनच भरा, कॉपीराइट ऑफिसच्या सरकारी साइटवर, कॉपीराइट डॉट गव्ह डॉट इन. आधी युजर अकाउंट, मग फॉर्म १४, त्याच्यासोबत दोन तपशीलपत्रं येतात. पहिल्यात नाव, पत्ता, कामाचं शीर्षक, प्रकाशित का अप्रकाशित हे सगळं. चार जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलं म्हणजे प्रकाशित नाही, पण पीडीएफ सगळ्यांसाठी उघडी टाकली असली तर पहिल्या प्रकाशनाचं वर्ष अन् देश द्यावा लागते, तेव्हा खरं ते लिहा. दुसऱ्या तपशीलपत्रात विचारतात का काम मूळ आहे का भाषांतर का रूपांतर, अन् हे घाईत टिक करू नका. बरेच गेम डन्जन्स अँड ड्रॅगन्स ह्या प्रसिद्ध रोल प्लेइंग गेमच्या नियमांवर उभे राहतात, त्यांचा मूळ नियमसंच, आवृत्ती ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ह्या खुल्या परवान्याखाली खुला केला, म्हणजे श्रेय देऊन वापरता येते, पण तेवढा भाग तुमचा म्हणून सांगता येत नाही.

पैसे भरले का डायरी नंबर मिळते. तो वहीत लिहून ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच पाहायचं असते. त्याच्यानंतर ३० दिवस थांबावं लागते, कोणाची हरकत येते का ते पाहायला. हरकत नाही आली तर तपासणीवाला अर्ज पाहतो, त्रुटी काढली तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, नाहीतर सगळं पाण्यात जाते. सगळं बरोबर असलं का रजिस्टरचा उतारा मिळते. नागपूरला बौद्धिक संपदेची केंद्र सरकारची संस्था आहे म्हणून काही जण तिथं अर्ज घेऊन जातात, पण ती ट्रेनिंगसाठी आहे, अर्ज दिल्लीच्या ऑफिसचा.

गेमचं नाव मात्र कॉपीराइटमध्ये येत नाही. नावासाठी ट्रेडमार्क, खेळांचा वर्ग २८, फॉर्म टीएम ए, एकट्या माणसाला ऑनलाइन ४५०० रुपये. आम्ही ते अजून केलं नाही, पैसे जमले का करू.

आता धर्माचं, कारण मला ह्याची खरंच काळजी वाटते. आपल्या गेममध्ये पंथ आहेत तर पुस्तकात संतांचं बोलणं टाकावंच वाटते. लीळाचरित्राचा मूळ मजकूर सातशे वर्षांचा, तो सगळ्यांचा, पण आजच्या संपादकाच्या टीपा अन् प्रस्तावना त्याच्या. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे ग्रामगीतेवरचा हक्क २०२८ च्या डिसेंबरपर्यंत चालते, तिच्या ओव्या छापायच्या तर आधी परवानगी घ्या. अन् रजिस्टरचा उतारा मिळाला म्हणजे मजकुराला सरकारची मान्यता मिळाली असं समजू नका. धार्मिक भावना दुखवायच्या हेतूनं जाणूनबुजून केलेलं लिखाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे, रजिस्ट्रेशन तिथं कामी येत नाही. आम्ही ठरवलं का खऱ्या पंथाला खलनायक करायचं नाही, आमचे पंथ आमचे आम्ही घडवले. पहिला खर्डा गावातल्या एका महानुभाव आजोबांना वाचून दाखवला होता. त्यांनी दोन जागा बदलायला लावल्या, अन् गुप्त लिपीचं दार ऐकून म्हणाले, हे ठेवा. अर्जासोबत गेलेल्या पीडीएफमध्ये ते ३१ व्या पानावर आहे.