छप्पर उघडणारी गाडी: खेळण्यातल्या कॅम्पर व्हॅनची पार्श्वभूमी

जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने १९५१ मध्ये ‘कॅम्पिंग बॉक्स’ नावाचं सामान बाजारात आणलं. फोक्सवागनच्या व्हॅनमध्ये ते बसवलं की सुट्टीपुरतं बिऱ्हाड, म्हणजेच कॅम्पर, तयार. सोमवारी काढून ठेवलं की व्हॅन पुन्हा माल वाहायला मोकळी. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची ‘डॉर्मोबिल’ही याच सुमारास रस्त्यावर आली. खेळणी करणाऱ्यांच्या दृष्टीने असली गाडी म्हणजे पर्वणीच, कारण तिच्यात उघडझाप करण्याजोगं बरंच काही होतं.

लंडनच्या लेस्नी कंपनीचा जम तेव्हा नुकता बसत होता. काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं शाळेत न्यायचं, असा मुलीच्या शाळेचा नियम होता, म्हणून भागीदार जॅक ओडेल यांनी तिला पितळेचा इवलासा रोड रोलर करून दिला. त्यातूनच १९५३ मध्ये छोट्या धातूच्या गाड्यांची ‘मॅचबॉक्स’ मालिका सुरू झाली. या मालिकेतला ३४ नंबर पाहिला की कॅम्परची जवळजवळ सगळी कुळकथा कळते. १९५७ मध्ये या नंबरवर निळी, बंद डब्यासारखी फोक्सवागन डिलिव्हरी व्हॅन आली. १९६२ मध्ये तिच्या जागी फिकट हिरवा कॅम्पर आला. त्याची बाजूची दारं खरोखर उघडायची आणि आतली मांडणी दिसायची. बोटभर लांबीच्या गाडीत हे काम सोपं नव्हतं. पुढे १९६७ मध्ये चंदेरी रंग, नारिंगी अंतर्भाग आणि सहा खिडक्यांचं उंच छप्पर असलेला कॅम्पर आला. माझ्या मते या नंबरातला सगळ्यात देखणा हाच. वर्षभरात ते छप्पर बुटकं झालं आणि खिडक्या गेल्या. खेळण्यांच्या गाड्या करणाऱ्या कॉर्गी कंपनीने आकाराने मोठी फोर्ड थेम्स एअरबोर्न कॅरव्हॅन काढली, तीही याच काळातली.

१९६८ मध्ये अमेरिकेत मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्स या खेळण्यातल्या गाड्या आल्या आणि मुलांना वेगाचं वेड लागलं. आता कॅम्परनेही पळायला हवं होतं. मॅटेलने ‘बीच बॉम्ब’ करून पाहिली. मागच्या काचेतून सर्फबोर्ड बाहेर डोकावणारी ही गाडी अंगाने इतकी अरुंद होती की गाड्या ट्रॅकवर ढकलणाऱ्या ‘सुपर चार्जर’ यंत्राच्या चाकांना ती पकडताच येईना, शिवाय डोकंही जड. शेवटी गाडी रुंद करून सर्फबोर्ड दोन्ही बाजूंना खाचांत बसवले आणि १९६९ मध्ये ती दुकानात आली. फसलेले ते मोजके नमुने आज डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, खेळण्यांच्या जगातले सर्वांत महाग मानले जातात, त्यातही गुलाबी. लेस्नीने मग ‘सुपरफास्ट’ चाकं आणली. १९७० चा २३ नंबरचा कॅम्पर त्यांच्यावर धावतो, तरी नारिंगी छप्पर उघडण्याची हौस त्याने सोडलेली नाही.

आपल्याकडे ८० च्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्टने ‘लिओ’ नावाने हॉट व्हील्स तयार केल्या. आज त्यांनाही परदेशी संग्राहकांकडून मागणी आहे. लेस्नी मात्र १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

जुना कॅम्पर घेताना पहिली नजर दारांवर आणि छपरावर जाते, कारण मुलांच्या हातून तेच आधी तुटायचं. त्यानंतर गाडी उलटी करावी. तळपत्रा मूळचा रिव्हेटने, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्याने, बसवलेला असतो. तो ड्रिलने उडवून स्क्रू लावलेला दिसला, की गाडी उघडून रंगवली किंवा बाहेरचे सुटे भाग घातले असं समजायचं. मग पूर्ण भाव देऊ नये.