वाय सापडला म्हणजे पुरुष?

१ सप्टेंबर २०२५पासून ‘वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स’ या जागतिक संघटनेने जागतिक मानांकनाच्या स्पर्धांत महिला गटात उतरण्यासाठी एसआरवाय या वाय गुणसूत्रावरच्या जनुकाची चाचणी बंधनकारक केली. धावपटू ललिता बाबरच्या सातारा जिल्ह्यात हा विषय निघणारच. शाहू स्टेडियमवर सकाळी एक निवृत्त मास्तर ठासून म्हणाले, “वाय सापडला की जैविक पुरुष. नववी-दहावीत शिकवलंय की!”

मास्तर, शिकवलेलं खरं आहे, पण ती पहिलीच पायरी आहे.

साधारण सहा आठवड्यांपर्यंत मुलगा-मुलगी दोघांच्या गर्भात सारखीच ग्रंथी आणि नळ्यांच्या दोन जोड्या असतात: वुल्फियन आणि म्युलेरियन. मग वायवरचं एसआरवाय (शोध १९९०चा) सॉक्स९ जनुकाला जागं करतं आणि ग्रंथीचं वृषण होऊ लागतं. वृषणातल्या सर्टोली पेशी एएमएच संप्रेरक सोडतात. त्याने म्युलेरियन नळ्या विरतात, म्हणून गर्भाशय बनत नाही. वृषणातल्याच लायडिग पेशींच्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर वुल्फियन नळ्या टिकतात आणि त्यांतून पुरुषाचे आतले जननमार्ग बनतात. बाहेरच्या अवयवांसाठी त्याचं पुन्हा डीएचटी या जास्त प्रभावी संप्रेरकात रूपांतर व्हावं लागतं. आणि या संप्रेरकांचा निरोप पेशींना कळवणारा ग्राहक, म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर? त्याचं जनुक चक्क एक्स गुणसूत्रावर असतं!

ते जनुक पूर्ण निकामी असेल तर वृषणं शरीरात राहतात, टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं, पण पेशींना त्याचा पत्ताच नसतो. बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणूनच वाढतं. पाळी येत नाही म्हणून तपासलं, की गुणसूत्रं एक्सवाय निघतात. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो १९८५ साली अशाच कारणाने गुणसूत्रांच्या चाचणीत बाद ठरली. तिला परवानगी परत मिळायला १९८८ उजाडलं.

अशा मुलीला यल्लम्माला नेऊ नका, अंगारे लावू नका. डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी ती आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच जायला हवी.

आता नव्या नियमातली भाषा बघा. रिसेप्टर पूर्ण निकामी असलेल्या खेळाडूला तो महिला गटात धावू देतो, पण म्हणतो ‘जैविक पुरुष’! आपल्या २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यानेही शरीररचनेतला असा जन्मजात फरक आणि स्वतःला स्त्री की पुरुष मानणं, म्हणजे लिंगभाव, या दोन वेगळ्या गोष्टी ‘ट्रान्सजेंडर’ या एकाच व्याख्येत बसवल्या होत्या. म्हणून ‘जैविक लिंग’ हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो: गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं की त्यांना पेशींनी दिलेला प्रतिसाद? यांतलं नेमकं काय म्हणताय?