समुद्राचं नाक आणि वऱ्हाडचं वावर

2024 च्या नोव्हेंबरात हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कृषी केंद्रापुढे सकाळी सातपासून रांग लागू लागली. हातात आधार कार्ड आणि सातबारा. मशीनवर अंगठा उमटवायचा, माणशी दोन बॅगा डीएपी, म्हणजे पेरणीला लागणारं फॉस्फेटचं खत, घ्यायचं, आणि सोबत नको असलेली द्रवरूप खताची बाटलीही घ्यायची. बाटली नको म्हटलं तर डीएपी नाही. कारण विचारलं की दुकानदाराचं एकच उत्तर, "वरूनच माल नाही."

हे "वर" म्हणजे नेमकं कुठं? जिल्ह्याच्या गोदामाच्या वर रेल्वेचा रेक, म्हणजे खताची मालगाडी, रेकच्या वर बंदर, आणि बंदराच्या वर समुद्रातल्या तीन-चार चिंचोळ्या वाटा. समुद्र अफाट आहे, पण जहाजांच्या वाटा अफाट नाहीत. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे 33 किलोमीटर आहे, दोन तालुक्यांच्या गावांमध्ये असतं तेवढं अंतर. त्यातही मोठ्या जहाजांना जायला एक आणि यायला एक अशा जेमतेम तीन-तीन किलोमीटरच्या पट्ट्या आहेत, आणि जगाला लागणाऱ्या तेलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तेवढ्यातून जात आला आहे. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी बाब-अल-मंदेब आहे. अरबीत या नावाचा अर्थ अश्रूंचं दार. मलाक्काची सामुद्रधुनी सिंगापूरजवळ जेमतेम पावणेतीन किलोमीटर उरते. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे आपल्याकडे घरात म्हणतात, पण राज्यं ते समुद्रावर पाचशेहून अधिक वर्षं करत आली आहेत.

डेन्मार्कच्या राजाने बाल्टिक समुद्राच्या दाराशी 1429 पासून 1857 पर्यंत, म्हणजे सव्वाचारशे वर्षं, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेतली. पोर्तुगिजांचा सेनापती आफोन्सो द अल्बुकर्क हिंदी महासागरात आला तेव्हा त्याला मुलूख नको होता, दारं हवी होती. त्याने 1511 मध्ये मलाक्का घेतलं आणि 1515 मध्ये होर्मुझ. 1513 मध्ये एडनवर केलेला हल्ला मात्र फसला, त्यामुळे तांबड्या समुद्राचं दार त्याच्या हाती आलं नाही.

आपल्या भागाचा या सगळ्याशी संबंध आला तो कापसामुळे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर, सुमारे 800 किलोमीटर दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. वाटेत पावसाने भिजायचा, धुळीने माखायचा. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची कापूस-बंदरं कोंडली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूरला पोचली.

तरीही मुंबईच्या पुढे अडचण होतीच. लिव्हरपूलला जायचं तर आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे आणि शिडाच्या जहाजाला त्यात तीन-चार महिने जात. 17 नोव्हेंबर 1869 ला सुएझ कालवा उघडला आणि ती वाट सुमारे चाळीस टक्क्यांनी आखूड झाली. तांबड्या समुद्रातल्या वाऱ्यांपुढे शिडाच्या जहाजांचं काही चालत नसे, त्यामुळे हा कालवा वाफेच्या जहाजांचाच ठरला. पुढच्याच वर्षी, 1870 मध्ये, दोन गोष्टी घडल्या. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आला आणि तिथला कापूस बाजार आणि रेल्वेचा फाटा त्याच्या हस्ते सुरू झाला. त्याच वर्षी सुएझ, एडन, मुंबई अशी समुद्राखालची तार पडली. आज लिव्हरपूलला काय भाव फुटला, ते खामगावच्या अडत्याला कळण्याची सोय झाली. ज्याने वेचणी करून गाडी भरून आणली त्या कुणब्याला मात्र ते अडत्याच्या तोंडूनच कळायचं.

लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाचं नाव होतं "ऊमरा". उमरावतीचं, म्हणजे आपल्या अमरावतीचं, ते तोडकं रूप. हिंगणघाटचा कापूस तिथे वेगळ्या नावाने विकला जाई, त्याची प्रत चांगली मानत. आपल्या गावांची नावं अशी समुद्रापार पोचली याचा मला अभिमानही वाटतो, आणि ती पोचवणाऱ्याच्या घरी त्यातलं काय आलं हे आठवलं की मन खट्टू होतं. कारण कालवा दोन्हीकडून वाहतो. गाठी गेल्या त्याच वाटेने मँचेस्टरचं स्वस्त कापड आलं आणि कोष्ट्यांच्या मागांवर गदा आली. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी राहिली. 1896-97 आणि पाठोपाठ 1899-1900 चा दुष्काळ आला, तेव्हा घरात धान्याचं पेव नव्हतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता.

याच कालव्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखाच एक कापूसवाला होता, आणि त्याची गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. इजिप्तच्या फेलाहला, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला, कालव्याच्या खोदकामाला वेठीला धरून आणलं होतं. अमेरिकेच्या युद्धात त्याच्याही कापसाला सोन्याचा भाव आला, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. त्याच वर्षी मुंबईतला शेअरांचा फुगाही फुटला. इजिप्तचा खेदिव, म्हणजे राज्यकर्ता, इस्माइल कर्जात बुडाला. 1875 मध्ये त्याने कालव्यातले आपले शेअर ब्रिटनला 40 लाख पौंडांना विकले आणि 1882 मध्ये ब्रिटिश फौज इजिप्तमध्ये उतरली. कालवा ज्याच्या जमिनीत, त्याच्या हाती तो 26 जुलै 1956 ला, इजिप्तचा अध्यक्ष नासर याने राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा आला. वऱ्हाडातला कर्जदार कुणबी आणि नाईलकाठचा फेलाह यांची कधी भेट झाली नाही, पण दोघांच्याही कापसाचा भाव लिव्हरपूललाच ठरत होता.

1893 मध्ये मुंबईहून जपानला जाणारी निप्पॉन युसेन कैशाची बोटसेवा सुरू झाली आणि आखूड धाग्याचा आपला कापूस मलाक्कामार्गे पूर्वेला जाऊ लागला. पुढे जपान त्याचं मोठं गिऱ्हाईक झालं. यवतमाळ ते मुर्तिजापूर ते अचलपूर धावणारी शकुंतला रेल्वे किलिक निक्सन कंपनीने बांधली ती याच ओघात, बंदराकडे गाठी नेण्यासाठी. आज तिच्या रुळांवर बाभळी उगवल्या आहेत.

दाराला कुलूप लागलं की काय होतं ते 1967 मध्ये दिसलं. जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ बंद झाला, तो थेट 5 जून 1975 ला उघडला. मधल्या ग्रेट बिटर सरोवरात 14 जहाजं आठ वर्षं अडकून पडली, वाळूच्या थराने पिवळी झाली. आमच्या आजीच्या बोलण्यात 1972 च्या दुष्काळातली "मिलो" यायची, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, जिची भाकर थापताना फाटायची. ती रेशनवर मिळायची तेव्हा सुएझ बंदच होता. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरून मुंबईकडे निघालेल्या जहाजाला तेव्हा आफ्रिकेला वळसा घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

23 मार्च 2021 ला "एव्हर गिव्हन" हे 400 मीटर लांबीचं जहाज कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस जगाचा व्यापार तुंबला. ते चित्र मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलं, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. आपल्याला जास्त झोंबलं ते त्यानंतरचं. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी बाब-अल-मंदेबजवळ जहाजांवर हल्ले सुरू केले. 18 फेब्रुवारी 2024 ला "रुबीमार" नावाच्या जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि 2 मार्चला ते बुडालं. त्यात सुमारे 21 हजार टन खत होतं. 50 किलोच्या बॅगांत मोजलं तर चार लाखांवर बॅगा. ते आपल्याकडे येणारं नव्हतं, बल्गेरियाला निघालं होतं, पण त्यानंतर त्या वाटेने जायला कोण धजावणार? मोठ्या कंपन्यांची जहाजं पुन्हा आफ्रिकेच्या टोकावरून जाऊ लागली. दहा ते चौदा दिवस जास्त, इंधन जास्त, विम्याचा हप्ता जास्त.

आता डीएपीकडे येऊ. देशाला लागणाऱ्या डीएपीचा मोठा भाग तयारच बाहेरून येतो, आणि इथे बनतं त्याचाही फॉस्फेटचा दगड किंवा आम्ल बहुतेक बाहेरचंच. सौदीचं डीएपी रास अल-खैर बंदरातून होर्मुझमार्गे निघतं. जॉर्डनचा माल अकाबाहून तांबड्या समुद्रातून येतो. मोरोक्कोचा जवळचा रस्ता सुएझ आणि बाब-अल-मंदेबमधून, नाहीतर मग लांबचा वळसा. चीनने 2021 पासून निर्यातीवर बंधनं घातली, तेही टंचाईचं मोठं कारण आहे आणि ते सोडून नुसत्या तांबड्या समुद्राला दोष देणं बरोबर नाही. युरियाचं गणित वेगळं. तो बहुतेक इथेच बनतो, पण नैसर्गिक वायूपासून, आणि आपण आयात करतो त्या द्रवरूप वायूचा सर्वांत मोठा पुरवठादार कतार आहे. त्याची सगळी जहाजं होर्मुझमधूनच बाहेर पडतात.

एक गोष्ट मात्र शहरातल्या वाचकाच्या सहज लक्षात येत नाही. युरियाची 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि डीएपीची 1,350 ला. वरचा भार सरकार उचलतं, म्हणून समुद्रात भाडं दुप्पट झालं तरी बॅगेवरची छापील किंमत हलत नाही. वावरापर्यंत समुद्राची अडचण भावाच्या रूपात पोचतच नाही, ती रांगेच्या रूपात पोचते. पेरणीचे आठ दिवस हातचे जातात, वाफसा उडतो, आणि त्याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर होत नाही. ज्या संयुक्त खतांच्या किमती कंपन्यांच्या हातात असतात, तिथे मात्र भाव सरळ अंगावर येतो. घरातल्या तेलाच्या पुड्याचंही तसंच. पामतेल मलाक्काकडून येतं, युक्रेनचं सूर्यफूल तेल तुर्कीच्या बॉस्फरस सामुद्रधुनीतून.

आमच्या गावी डीएपीचा रेक लागला तेव्हा हरभऱ्याला कोंब फुटून पंधरा दिवस झाले होते. बहुतेकांनी सुपर फॉस्फेटवर भागवलं होतं. शेजारच्या काकांनी तरीही दोन बॅगा उचलल्या, गव्हाला होतील म्हणून. त्यातली एक रिकामी बॅग आज त्यांच्या गोठ्यात सरकीची ढेप ठेवायला आहे. तिच्या खालच्या शिवणीजवळ बारीक अक्षरात मूळ देश छापला आहे, मोरोक्को.