विशिष्ट अध्ययन अक्षमता : प्रमाणपत्र व शालेय सवलती (महाराष्ट्र)

बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक आणि दृष्टी व श्रवण निर्दोष असूनही वाचन, लेखन वा गणन यांपैकी एका किंवा अनेक कौशल्यांत सातत्याने मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यास शासकीय वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे अध्यापनात व परीक्षेत मिळणारे साहाय्य. पालक व शिक्षक यांच्या बोलण्यात हे प्रमाणपत्र ‘एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) सर्टिफिकेट’ म्हणून ओळखले जाते.

महाराष्ट्रातील या सवलतींचा आरंभ सामान्यतः 1996 पासून मानला जातो. राज्य शासनाने त्या वर्षी माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी त्या औपचारिकपणे मान्य केल्या. त्यापूर्वीही मुंबईतील काही शाळा आपल्या अधिकारात अशा विद्यार्थ्यांना अंतर्गत परीक्षांत थोडी मोकळीक देत असाव्यात. परंतु मंडळाच्या परीक्षेस लागू होणारी शासकीय मान्यता हा निकष धरल्यास 1996 हेच वर्ष ग्राह्य ठरते. खालच्या इयत्तांपर्यंत व बारावीपर्यंत सवलतींचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला.

या निर्णयाला त्या वेळी दिव्यांगविषयक कायद्याचा आधार नव्हता, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. केंद्र शासनाची 1974 ची एकात्मिक शिक्षण योजना डोळ्यांना दिसणाऱ्या अपंगत्वाभोवती उभी होती, तर 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने केला. हा कायदा 19 एप्रिल 2017 रोजी अंमलात आला व त्यात एकवीस प्रकार आहेत. मधली सुमारे वीस वर्षे ही व्यवस्था प्रशासकीय आदेशांवर आणि मुंबईतील शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय व नायर रुग्णालय यांसारख्या महापालिका रुग्णालयांतील चिकित्सालयांवर चालली. ती दीर्घकाळ परीक्षाकेंद्रित राहिली, याचे एक कारण या उगमात असावे.

सवलतींत अधिक वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, गणकयंत्राचा वापर, एका भाषेतून सूट आणि बीजगणित व भूमिती यांऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व कार्यानुभव हे विषय घेणे, यांचा समावेश होत आला आहे. शेवटची सवलत सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत वादग्रस्तही ठरली, कारण तिने दहावी पार पडते. पण पुढे विज्ञान शाखेची वाट अरुंद होते. 2016 च्या अधिनियमातील कलम 17 मध्ये वाढीव वेळ, लेखनिक आणि द्वितीय व तृतीय भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

निदानपद्धती : केंद्र शासनाने जानेवारी 2018 मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकाने तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, प्राथमिक चाळणी करावयाची आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखालील शालेय समितीने पालकांशी बोलून मुलास पुढे पाठवावयाचे होते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञाची तपासणी, मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन आणि गुणांक 85 हून अधिक आल्यासच अध्ययन अक्षमतेच्या विशेष चाचण्या, असा क्रम होता. या चाचण्यांसाठी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच विहित केला गेला. प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देय होते. ते चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा घ्यावे लागे आणि अठराव्या वर्षीचे आजीव वैध असे. मार्च 2024 मध्ये या सूचनांच्या जागी सुधारित सूचना आल्या.

यांतील दोन मुद्द्यांवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. निम्हान्स संचाचे दोन स्तर अनुक्रमे 5 ते 7 व 8 ते 12 या वयोगटांसाठी आहेत. मग चौदाव्या व अठराव्या वर्षीचे पुनर्मूल्यांकन कोणत्या मानकांवर करावयाचे, हा आक्षेप मुंबईतील बालरोगतज्ज्ञांनी घेतला आणि तो बिनतोड वाटतो. दुसरा वाद बुद्धिगुणांकाच्या अटीचा आहे. बुद्धिगुणांक आणि शालेय संपादन (अभ्यासातील प्रत्यक्ष प्रगती) यांतील तफावत हा निदानाचा जुना पाया अमेरिकेतील 2013 च्या मानसविकार वर्गीकरणाने सोडून दिला आहे. 2018 च्या भारतीय सूचनांत मात्र 85 ची मर्यादा राहिल्याने साधारणतः 71 ते 84 गुणांकाची मुले दोन्ही बाजूंनी वंचित झाली : बौद्धिक अक्षमतेच्या व्याख्येत ती बसत नव्हती आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचणीपर्यंत पोहोचत नव्हती. मर्यादेच्या समर्थकांच्या मते ती काढल्यास प्रमाणपत्रांची संख्या आवाक्याबाहेर जाईल. हा युक्तिवाद प्रशासनाच्या सोयीचा आहे, निदानशास्त्राचा नव्हे.

मराठी माध्यम : आरंभीच्या काळात सवलतींचा लाभ प्रामुख्याने मुंबईतील इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना झाला. संपादनचाचण्या इंग्रजी होत्या, हे त्याचे मुख्य कारण दिसते. बुद्धिमापनाची अडचण तुलनेने कमी होती, व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या मापनश्रेणीचे मराठी व कन्नड मुलांसाठी केलेले अनुकूलन 1930 च्या दशकापासून उपलब्ध होते. वाचनदोषाचे मापन इतके सहज भाषांतरित होत नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा पुष्कळ नियमित असल्याने मूल शब्द फोडून वाचते, परंतु सावकाश. त्याचे अडखळणे जोडाक्षरे, रफार आणि उच्चारात व्यंजनानंतर येऊनही लेखनात त्याआधी काढावी लागणारी ऱ्हस्व वेलांटी अशा ठिकाणी उघड होते. इंग्रजी चाचणीचे शब्दशः भाषांतर ही लक्षणे टिपू शकत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात तयार झालेली आणि 2015 च्या सुमारास प्रसिद्ध झालेली ‘डाली’ ही चाचणीमाला मराठीसह हिंदी, कन्नड व इंग्रजीत आहे आणि या दृष्टीने ती महत्त्वाची मानली पाहिजे. तिचा भर प्राथमिक इयत्तांवर आहे.

कार्यवाही : पालकांचा अर्ज, शाळेचा अहवाल, गुणपत्रके व वह्या यांच्या आधारे रुग्णालयात तपासणी होते, अनेक भेटी लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो. दहावीच्या वर्षी धावपळ सुरू केल्यास लेखनिकाची परवानगी मिळेपर्यंत तोंडी परीक्षा उरकलेल्या असतात, त्यामुळे जाणते शिक्षक आठवीतच पालकांना सुचवतात.

न्यायनिर्णय : सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तीन महत्त्वाचे निर्णय दिले. लेखनाची अडचण असलेल्या उमेदवारास चाळीस टक्के अक्षमतेची अट न लावता लेखनिक मिळावा, असे फेब्रुवारीत ठरले आणि ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने तशा सूचना काढल्या. लेखन अक्षमता असलेल्या आणि आधी मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या एका विद्यार्थिनीस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तासभर वाढीव वेळ नाकारणे चुकीचे होते, असा निर्वाळा नोव्हेंबरात मिळाला. तथापि फेरपरीक्षा मान्य झाली नाही. ऑक्टोबरातील निर्णयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा व त्यावरील स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक असे ठरविले. उपचारात्मक अध्यापन (मागे पडलेले कौशल्य वेगळ्या पद्धतीने शिकवणे) प्रत्यक्षात याच शिक्षकांकडून व्हावयाचे असते. मुंबई, पुणे अशा शहरांतील काही शाळांत त्यासाठी स्वतंत्र कक्ष आहेत. ग्रामीण भागात ही जबाबदारी बहुधा गटसाधन केंद्रातील, अनेक शाळांत फिरणाऱ्या विशेष शिक्षकाकडे असते.